पासष्टावी विद्यार्थिनी

बुधवार आणि शनिवार. मला हे दोनच वार हवे होते. बाकीचे पाच कोणीही घ्यावेत.

आमची ठकू तेव्हा दहा महिन्यांची होती. पाळणाघराच्या दारात माझ्या पिशवीचा पट्टा धरून ती अशी रडायची, की रस्त्यानं जाणारी माणसं थांबून आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे बघायची. तिच्याकडे बघतानाची नजर वेगळी असायची, माझ्याकडे बघतानाची वेगळी. पाळणाघरातल्या ताई म्हणायच्या, "तुम्ही वळलात की गप्प होते हो ती." त्यांना धीर द्यायचा असायचा. पण आपण वळलो की आपलं लेकरू शांत होतं, हे ऐकून कुठल्या आईला धीर येईल?

म्हणून मी प्राचार्यांकडे गेले. आठवड्यातून दोन दिवस घरून शिकवू द्या म्हणाले. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवते. हा विषय शिकवायला प्रयोगशाळा लागत नाही, उंदीर लागत नाहीत, साधा फळासुद्धा नसला तरी चालतं. प्राचार्यांनी ऐकून घेतलं, मग खुर्ची मागे सारून ते म्हणाले, "मॅडम, आपल्याकडे अत्याधुनिक प्रणाली आहे."

होती. अभ्यासक्रम व्यवस्थापन प्रणाली असं तिचं भारदस्त नाव होतं. दोन वर्षांपूर्वी तिचं उद्घाटन झालं, फीत कापली गेली, आणि त्यानंतर ती कोणीही उघडली नव्हती. धडे तिच्यावर चढवायचे, मुलांनी ते घरी बसून बघायचे, तिथेच चाचणी द्यायची, तिथेच शंका विचारायच्या, असा तो सगळा मामला.

"तुमचा अख्खा विषय त्यावर चालवून दाखवा," प्राचार्य म्हणाले. "सत्राअखेर तपासणी समिती येतेय. यादीतल्या प्रत्येक विद्यार्थ्यानं बाराच्या बारा घटक घरून पूर्ण केलेले दिसले पाहिजेत. दिसले, की दोन दिवस तुमचे."

"प्रत्येक म्हणजे सर, एकूण एक?"

"तर्कशास्त्र तुम्ही शिकवता," ते म्हणाले.

मी चौसष्ट मुलांची यादी घेऊन घरी आले, ती जणू दोन वार खिशात घालूनच.

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त पोस्टमास्तर काका राहतात. माझ्या हातातला कागदांचा गठ्ठा बघून त्यांनी जिन्यातच चौकशी केली. मी सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे टपालच की."

"तसं नाही काका, हे ऑनलाइन..."

"तू इथून टाकणार, ते तिथं पोचणार. मग टपाल नाही तर काय? हे बघ पोरी, दोन गोष्टी कर. एक, प्रत्येक गोष्टीची पोच घे. पोच नसलेलं पत्र म्हणजे न लिहिलेलं पत्र. आणि दुसरी, नवीन मार्ग सुरू झाला की आम्ही आधी आमच्याच नावानं एक पत्र टाकायचो. पोचतंय का, कुठं अडतंय, कळतं. लोकांची पत्रं मग टाकायची."

चाळीस वर्षं टपाल सांभाळलेल्या माणसाचा हा सल्ला होता. मी दोन्ही गोष्टी केल्या. माझ्यावर पुढे जे काही गुदरलं ते या दोन गोष्टींमधूनच गुदरलं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. वयस्कर माणूस आहे.

पोच मी लगेच लावली. तशी सोयच होती त्या सिस्टीममध्ये. कोणी धडा उघडला की मला पोच, बंद केला की पोच, चाचणी दिली की पोच, चुकून दोनदा बटण दाबलं की दोन पोची. पहिल्या आठवड्यातच माझ्या मेलमध्ये अकराशे पोची येऊन पडल्या आणि त्यांच्या ढिगाखाली ठकूच्या लसीकरणाची आठवण करून देणारा दवाखान्याचा निरोप गाडला गेला. तेव्हापासून मी पोची उघडणंच सोडलं.

आता स्वतःच्याच नावाचं पत्र. मुलांना नेमकं काय दिसतं हे बघायचं तर एक खोटी विद्यार्थिनी हवी. मी नवीन नोंद उघडली. नाव: मी लिहिलं, नमुना. वडिलांचं नाव सक्तीचं होतं, शेजारी लाल चांदणी होती. मी लिहिलं, चाचणी. आडनावापुढेही चांदणी. लिहिलं, विद्यार्थी. कुमारी नमुना चाचणी विद्यार्थी. जन्मतारीख म्हणून हातात आली ती ठकूची टाकली. सिस्टीमनं सांगितलं, विद्यार्थी किमान सोळा वर्षांचा हवा. साल बदललं, तारीख तीच ठेवली. रक्तगटही ठकूचाच. पालकांचा फोन नंबर म्हणून माझा दिला, तर उत्तर आलं, हा क्रमांक आधीच एका शिक्षकाला दिलेला आहे. म्हणून मग नवऱ्याचा दिला. इतका बारीकसारीक तपशील मागून घेतल्यावर सिस्टीमनं मला विचारायला हवं होतं की बाई, ही मुलगी आहे तरी का? तेवढं मात्र तिनं विचारलं नाही.

मग धडे. ठकू रविवारी दुपारी चाळीस मिनिटं झोपते. चाळीस म्हणजे चाळीसच, एखाद्या सरकारी खिडकीसारखी. तेवढ्यात एक घटक ध्वनिचित्रमुद्रित करायचा. घर दोन खोल्यांचं. एका खोलीत ठकू आणि दुसऱ्या खोलीत तिच्यापर्यंत ऐकू जाणारे सगळे आवाज. शेवटी मी कपड्यांचं कपाट उघडलं, फोन नवऱ्याच्या पँटच्या खिशात उभा केला, स्वतः अर्धी आत शिरले आणि दोन स्वेटरच्या मधोमध तोंड धरून कुजबुजत शिकवायला सुरुवात केली.

एकदा पोस्टमास्तर काका वर्तमानपत्र परत द्यायला आले. दार उघडंच होतं. त्यांना कपाटातून बाहेर आलेला माझा मागचा अर्धा भाग दिसला आणि आतून आवाज ऐकू आला, "सर्व माणसं मर्त्य आहेत..."

काका वर्तमानपत्र दारात ठेवून हळूच खाली उतरले. नंतर दोन दिवस ते नवऱ्याला जिन्यात गाठून विचारत होते, "सूनबाईंची झोप होते ना नीट?"

मुलांच्या प्रतिक्रियाही उत्साहवर्धक होत्या. पहिल्या धड्याखाली एकानं लिहिलं, "मॅडम, हे गुपित आहे का?" दुसऱ्यानं लिहिलं, "आवाज मोठा केला तरी तुम्ही हळूच बोलता." तिसरीनं लिहिलं, "मॅडम, मागे कोणी उभं आहे का? असेल तर एकदा खोका." मी या साऱ्याकडे दुर्लक्ष केलं. प्रत्येक घटक चढवला की नमुना म्हणून आत जायचं, धडा उघडतोय का बघायचं, चाचणी द्यायची आणि बाहेर यायचं. पहिले तीन घटक मी असे तपासले. तिन्ही पोचत होते. मग मी नमुनाला विसरले. जन्म देऊन विसरलेलं माझं हे एकमेव अपत्य.

कॉलेजात आमच्या कार्यालयाचे हेडक्लार्क आहेत. मुलं त्यांना शिक्केसाहेब म्हणतात. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी शिक्का मारल्याशिवाय कागद पुढे जाऊ दिलेला नाही. ऑनलाइन शिकवणं सुरू झालंय हे कळताच त्यांनी एक सूचना लावली. घरी बसून ऑनलाइन व्याख्यान पाहिलेल्या विद्यार्थ्यांनी, व्याख्यान घरी पाहिल्याबद्दलची सही कार्यालयातल्या नोंदवहीत रोज साडेदहा ते साडेअकरा या वेळात करावी.

आता मुलं घरी बसून शिकल्याची सही करायला रोज कॉलेजात येऊ लागली. मी शिक्केसाहेबांना भेटले.

"साहेब, सिस्टीममध्ये नोंद होते. कोणी काय बघितलं, किती मिनिटं बघितलं, सगळी."

"ती तुमच्या सिस्टीमची नोंद झाली, मॅडम. कार्यालयाची कुठाय?"

"पण यायला लागू नये म्हणूनच तर..."

"येऊ नका असं कुठं म्हटलंय मी? घरीच बसावं त्यांनी. फक्त सही करून जावं."

मुलं व्यवहारी असतात. सहीला यायचंच आहे तर धडाही इथेच बघू, म्हणून ती संगणक कक्षात जाऊ लागली. चौसष्ट मुलं आणि चालू संगणक अकरा. बाहेर रांग लागली. कोणाचा पासवर्ड चालेना, कोणाचा आवाज येईना (त्यात संगणकाची चूक नव्हती), कोणी उत्तरपत्रिका अपलोड करून शिवाय तिचा छापील कागद माझ्यापुढे धरायचा, "मॅडम, यावर सही द्या ना, मिळाली म्हणून." हे सगळं निस्तरायला माणूस हवा, आणि माणूस म्हणजे मी. पूर्वी चारला सुटायचे ती आता साडेपाचला सुटू लागले. घरी राहता यावं म्हणून चालवलेल्या या खटाटोपात ठकू रोज दीड तास जास्त पाळणाघरात राहू लागली. संध्याकाळी मी दारात पोचायचे तेव्हा बाकीच्या मुलांचे आईबाप येऊन गेलेले असायचे, आणि ती एकटी सतरंजीवर बसून एक लाकडी ठोकळा चावत असायची. मला बघून ती हसायची नाही. आधी नीट पारखून घ्यायची.

मधे एक शंका-समाधानाचंही प्रकरण झालं. तर्कदोष शिकवताना मी गृहपाठ दिला, की घरात बोललं गेलेलं एखादं वाक्य घ्या आणि त्यातला दोष चर्चेच्या पानावर लिहा. मुलांनी एरवी चार ओळी लिहायला चार दिवस लावले असते. या वेळी तासाभरात पान भरून गेलं. आई म्हणते, तुझे बाबा आळशी, तू बाबांवर गेलास, म्हणून तू आळशी. आजोबा म्हणतात, आमच्या वेळी असं नव्हतं, म्हणून हे वाईट. ताई म्हणते, मी रडतेय म्हणजे चूक तुझीच. हे पान पालकांनाही दिसतं ही गोष्ट मला तिसऱ्या दिवशी कळली, जेव्हा एका आईनं खाली उत्तर लिहिलं, "मॅडम, तो खरंच आळशी आहे. माझा निष्कर्ष बरोबर आहे, आधाराचं तुम्ही बघा." वाक्य तार्किकदृष्ट्या इतकं चोख होतं की मी तिला पाचपैकी पाच गुण देऊन बसले, आणि मुलानं तक्रार केली.

एवढ्यात नवऱ्याचा फोन आला. तो लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत आहे. कामावर असताना बहुतेक वेळ तो कुठल्यातरी दोन मजल्यांच्या मधे असतो, त्यामुळे त्याचे फोन तुटक येतात.

"अगं... ठकू... पाळणाघरात नाहीये!"

"काय?"

"मेसेज आलाय. आपली पाल्य गेले एकोणीस दिवस... अनुपस्थित. एकोणीस दिवस! मग आपण रोज कोणाला सोडतोय तिथं?"

मी काही बोलायच्या आत फोन तुटला. तो हत्यारांच्या पिशवीसकट, अंगाला ग्रीस लागलेल्या अवस्थेत पाळणाघरात पोचला. ठकू सतरंजीवर बसली होती. त्यानं तिला उचललं, उलटसुलट करून बघितलं, आणि ताईंना जाब विचारला. ताईंनी त्याच्या हातातून फोन घेतला, मेसेज पूर्ण वाचला आणि शांतपणे विचारलं, "नमुना कोण?"

संध्याकाळी हाच प्रश्न त्यानं मला विचारला. मी सांगितलं.

"म्हणजे मला दोन मुली आहेत," तो म्हणाला.

"अरे, चेष्टा नको."

"आणि मोठी कॉलेज बुडवते."

महिन्याच्या एक तारखेला सिस्टीम आपली यादी आपणहून कार्यालयात पाठवते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. शिक्केसाहेबांनी यादीत पासष्टावं नाव बघितलं आणि रीतसर हजेरीक्रमांक दिला. ओळखपत्र तयार केलं. पासवर्डचं सीलबंद पाकीट तयार करून कपाटात ठेवलं, विद्यार्थिनीनं येऊन घेऊन जावं म्हणून. ती आली नाही. त्यांनी फोटोसाठी एक स्मरणपत्र काढलं, मग दुसरं, मग सहीच्या वहीतली हजेरी शून्य दिसल्यावर पालकांना मेसेज.

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात उभी राहिले.

"साहेब, पासष्ट नंबरचं नाव काढायचं होतं."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "दाखला न्यायचाय का तिला?"

"नाही, नाव नुसतं काढायचंय."

"नुसतं नाव निघत नाही, मॅडम. अर्ज लागतो. अर्जावर विद्यार्थिनीची सही, पालकाची सही, आणि ओळखपत्र परत."

"साहेब, खरं सांगायचं तर ती नाहीये. मीच तपासणीसाठी केली होती. ती अस्तित्वातच नाही."

शिक्केसाहेबांनी नोंदवही माझ्याकडे फिरवली, पासष्टाव्या ओळीवर बोट ठेवलं. "ही काय."

"पण..."

"नसलेल्या माणसाला मी क्रमांक देईन का?"

माझ्या विषयात या युक्तिवादाला एक नाव आहे आणि तो चुकीचा का, यावर मी पाऊण तास बोलू शकते. मी बोलायला तोंड उघडलं. खिडकी बंद झाली. एकपासून दोनपर्यंत ती बंदच असते, जेवणाची सुटी.

मग मी शांत डोक्यानं विचार केला, म्हणजे भाजी निवडता निवडता. प्राचार्यांची अट काय? यादीतल्या प्रत्येक विद्यार्थ्याचे बारा घटक पूर्ण. नमुना यादीत आहे. नमुनाचे तीनच झालेत. म्हणून नमुनामुळे माझे दोन दिवस जाणार. नऊ घटक मीच तिच्या नावानं उरकावेत का? विचार मनात आला, लपवत नाही. पण मी मुलांना परीक्षेच्या दालनातून याच गोष्टीसाठी बाहेर काढते. ठरवलं, की सत्र संपायच्या आत प्राचार्यांना स्वतःहून सांगायचं. रोज ठरवत होते. रोज संगणक कक्षाची रांग आडवी येत होती.

समिती यायची होती त्या दिवशी सकाळी दोन गोष्टी एकदम झाल्या. पाळणाघरातल्या ताईंना ताप आला म्हणून पाळणाघर बंद, आणि नवऱ्याला मेसेज आला: नमुनाच्या पालकांनी आज अकरा वाजता प्राचार्यांच्या दालनात उपस्थित राहावे.

"मी रजा टाकतो," नवरा म्हणाला. "ठकूलाही सांभाळतो आणि हेही मिटवतो. सांगतो, माफ करा, चूक झाली, मुलगी खोटी आहे."

"तू काही बोलू नकोस. माझा दुसऱ्या वर्गाचा तास सव्वाअकराला संपतो. मी येईपर्यंत नुसता बस."

मी पळत दालनाच्या दाराशी पोचले तेव्हा आतून प्राचार्यांचा आवाज येत होता. रागाचा नव्हता. मी रागाच्या आवाजाची तयारी करून आले होते, त्यामुळे गडबडलेच.

"अभिमान वाटला पाहिजे तुम्हाला!" प्राचार्य म्हणत होते. "एक दिवस कॉलेजात पाऊल नाही, आणि बाराच्या बारा घटक पूर्ण! शंभरपैकी त्र्याण्णव! वर्गात पहिली!"

आणि माझा नवरा, जो माफी मागायला आला होता, तो ठकूला मांडीवर घेऊन ताठ बसला होता आणि म्हणत होता, "आमच्याकडे शिक्षणात एवढं पुढे कोणी गेलं नाही, सर."

"घरी कोण बघतं अभ्यासाचं?"

"आईच बघते सगळं."

मी आत गेले. प्राचार्य उभे राहिले. "या मॅडम! तुमच्या यशाची साक्ष आलीय. हे नमुनाचे वडील."

"हो सर," मी म्हटलं. "आमची ओळख आहे."

"समितीला मी हेच उदाहरण दाखवणार आहे. बाकीच्यांचं काय, ती कॉलेजात येऊन करतात. पण ही! घरून! दोन वाजता तिला समोर उभी करा. तुमचे दोन दिवस पक्के."

ठकूनं मला बघून दोन्ही हात पुढे केले. मी तिला घेतलं. तिनं माझ्या मानेत तोंड खुपसलं, आणि त्या क्षणी, खरं सांगते, मी गप्प बसणार होते. दोन वाजता कोणाला तरी उभं करू, एखाद्या मावसबहिणीला, कोणालाही. बुधवार आणि शनिवार, दर आठवड्याचे.

"सर," मी म्हटलं, "नमुना नाहीये."

प्राचार्यांचा चेहरा पडला. ते नवऱ्याकडे वळून हळूच म्हणाले, "कधी गेली?"

"गेली नाही सर, कधी आलीच नव्हती." मी सगळं सांगितलं. पोस्टमास्तर, स्वतःच्या नावाचं पत्र, लाल चांदण्या, सगळं. नवरा मधे मधे मान डोलावत होता, पण दुखावलेला दिसला. एका मुलीच्या बापाला दहा मिनिटं मिळालेलं वैभव मी काढून घेतलं होतं.

प्राचार्य खाली बसले. "म्हणजे या कॉलेजात घरून शिकलेली एकमेव विद्यार्थिनी तुम्ही स्वतः आहात."

"मी तीनच घटक तपासले, सर. पुढचे नऊ मी केलेले नाहीत."

"मग कोणी केले?"

मी त्यांच्या संगणकावर नमुनाची नोंद उघडली आणि पान उजवीकडे सरकवलं. उजवीकडचे रकाने आमच्या कॉलेजात कोणी बघत नाही. त्यात कधी आणि कुठून, हे लिहिलेलं असतं. घटक चारपासून पुढे, दर कामाच्या दिवशी, एक वाजून दहा ते एक वाजून पन्नास. कुठून: कार्यालय, संगणक क्रमांक एक.

दाराशी कोणीतरी खाकरलं. समितीच्या फायली घेऊन शिक्केसाहेब उभे होते. कधीपासून, कळलं नाही. फायली त्यांनी छातीशी घट्ट धरल्या होत्या.

"पाकीट न्यायला कोणी आलं नाही," ते म्हणाले. "गैरहजर विद्यार्थिनी काय करतेय बघावं, म्हणून उघडलं. नियमानं उघडलं, पंचनामा केलाय. तीन धडे झालेले होते. चौथा आपणहून सुरू झाला."

"आणि तुम्ही बसून बघितलात?" प्राचार्य म्हणाले.

"दुसऱ्या वर्षाला होतो, सर, तेव्हा वडील गेले. शिक्षण सोडून इथेच चिकटलो. तर्कशास्त्र तेव्हा चौथ्या प्रकरणापर्यंत झालं होतं." मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम सांगतात फार हळू. मला वाटलं, मुद्दाम सांगतात. मला इतक्या हळू कोणी समजावून सांगितलं नव्हतं."

मी ठकूच्या डोक्यावर हनुवटी टेकवली. तिच्या झोपेसाठी कुजबुजलेले ते नऊ धडे.

मग मला एकदम आठवलं. "साहेब! मी नाव काढायला आले होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं ना, की नमुना नाहीये?"

"होतं."

"मग काढू का दिलं नाहीत?"

शिक्केसाहेब प्रथमच माझ्याकडे सरळ बघून म्हणाले, "नाव काढलं असतं तर सहावा घटक कुठून बघितला असता?"

प्राचार्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. नवरा मात्र खूश झाला. "म्हणजे त्र्याण्णव गुण खरे आहेत!" तो म्हणाला, आणि पुढे होऊन त्यानं शिक्केसाहेबांचा हात हातात घेऊन हलवला. बापाच्या नात्यानंच म्हणायचं.

दोन वाजता समितीपुढे प्राचार्यांनी जे होतं ते सांगितलं. त्यांना ते जड गेलं. त्यांनी एका वाक्यात तीन वेळा 'अत्याधुनिक' आणलं. समितीच्या बाईंनी शिक्केसाहेबांना घटक नऊमधला एक प्रश्न विचारला. त्यांनी उत्तर दिलं, प्रश्नाची मांडणी थोडी सदोष आहे हेही नम्रपणे सांगितलं, आणि मग त्याच सुरात बाईंना म्हणाले, की आपली अभ्यागतांच्या नोंदवहीत सही राहिलीय.

समिती गेल्यावर प्राचार्यांनी मला बोलावलं.

"मॅडम, हिशेब बघू. चौसष्टजण घरून शिकायला कॉलेजात आले. आणि जो खरा शिकला तो पगारी नोकर, तोही कॉलेजातच बसून. घरून शिकलेला एकही नाही. अट पुरी झाली का?"

"नाही, सर," मी म्हटलं. अट वाचता येणं हा माझा व्यवसाय आहे.

ते खिडकीबाहेर बघत राहिले. "पण माझ्या डोळ्यांदेखत अठ्ठावीस वर्षं हा माणूस तिथं बसलाय, आणि त्याचं शिक्षण अर्धवट राहिलंय हे मला माहीत नव्हतं." मग म्हणाले, "एक विद्यार्थी, एक दिवस. बुधवार घ्या. आणि ती सहीची वही बंद करायला लावतो."

शनिवार गेला. पण बुधवार आला. मी बाहेर पडून व्हरांड्यात ठकूला इतकी घट्ट धरली की ती ओरडली.

पुढच्या सत्रात शिक्केसाहेबांनी आपल्या स्वतःच्या नावानं रीतसर प्रवेश घेतला. अर्ज त्यांनीच भरला, त्यांनीच तपासला, एक कागद कमी आहे म्हणून त्यांनीच परत केला आणि दुसऱ्या दिवशी जोडून दिला.

आणि माझा पहिला बुधवार. ठकू तोवर चौदा महिन्यांची झाली होती, डुलत डुलत चालायला लागली होती. सकाळी मी ना आंघोळीची घाई केली, ना डबा भरला. सतरंजी अंथरली, सगळी खेळणी मांडली, मधोमध बसले आणि म्हटलं, "ये. आज आई दिवसभर तुझीच."

ठकूनं खेळण्यांकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. दाराकडे बघितलं. साडेनऊ झाले तशी ती दाराशी जाऊन उभी राहिली. पावणेदहाला तिनं दारावर थापा मारल्या. मी उचलून आणली, ती परत गेली. दहा वाजता तिनं माझी एक चप्पल ओढत ओढत आणली आणि माझ्या मांडीवर टाकली. मग दुसरी आणली. मग तोंड वाकडं करून असं भोकाड पसरलं, की खालून पोस्टमास्तर काका विचारायला आले, "काय झालं? कोणाची आठवण येतेय तिला?"

चार महिने ज्या दिवसासाठी मी कपाटात तोंड घालून कुजबुजले, तो दिवस असा दारावर थापा मारत होता. मला राग आला. मग रडू आलं. मग तिच्या गालावरून ओघळणारे थेंब बघून हसूच फुटलं. मी चपला पायात घातल्या.

पाळणाघराच्या दारात तिनं माझ्या पिशवीचा पट्टा सोडला आणि आत धावली. तीन मुलं तिच्या अंगावर कोसळली. मी तिथेच भिंतीला टेकून छोट्या सतरंजीवर बसले, लॅपटॉप गुडघ्यांवर घेतला. शिक्केसाहेबांनी पाचव्या घटकावर एक शंका विचारून ठेवली होती. अवघड होती. मी दोनदा वाचली. एवढ्यात एक ठोकळा माझ्या मांडीवर येऊन पडला, आणि पाठोपाठ ठकू येऊन, मी आहे ना याची खात्री करून, परत गेली.

ताईंनी दारातून डोकावून बघितलं. "अहो, आज तुमची घरी राहायची सुटी ना?"

"हो ना," मी म्हटलं. "म्हणूनच आले."